उलटं छापलेलं मुखपृष्ठ

मी प्रकाशक आहे आणि मला माझं काम येतं, हे आधीच सांगून टाकते. बंद पडलेल्या प्रकाशनांची चांगली पुस्तकं हुडकून पुन्हा छापायची, हा माझा धंदा. त्यात पुस्तकांपेक्षा लेखकांचे हट्टच जास्त सांभाळावे लागतात.

या वेळचे लेखक ऐंशीच्या घरातले. कादंबरी एकच, पण वाचकांनी डोक्यावर घेतलेली. घर सोडून गेलेल्या आणि परत न आलेल्या बहिणीची गोष्ट. जुनंच मुखपृष्ठ हवं, नाहीतर पुस्तकच नको, म्हणून अडून बसले होते.

"चित्र माझ्या धाकट्या बहिणीचं. मूळ चित्र तिने मलाच दिलंय, कपाटात आहे. मिटलं की मग!"

"सर, चित्र तुमचं, पण छापायचा हक्क तिचा," मी म्हटलं. "जुन्या प्रकाशकाला तिने त्याच्या आवृत्त्यांपुरतीच परवानगी दिली होती. आता पुन्हा विचारायला हवं."

"मग तुम्हीच विचारा. आमचं बोलणं नाही." त्यांनी तोंड फिरवलं.

माणसं बोलत नाहीत म्हणून माझी कामं अडत नाहीत. दुसऱ्या दिवशी मी त्या बाईंच्या खोलीत हजर. टर्पेंटाइनचा वास, बरण्यांत खोचलेले ब्रश, खुर्चीवरही चित्रं. त्यांनी ती उचलून मला जागा केली. मी जुनी प्रत आणि परवानगीचा कागद पुढे केला. चहा निवायच्या आत सही घेऊन उठायची मला सवय आहे.

त्यांनी कागदाकडे पाहिलंही नाही. पुस्तक उघडून टेबलावर पालथं पसरलं. डावीकडे मागचं कव्हर, त्यावर घर. उजवीकडे पुढचं, त्यावर पिशवी घेतलेली बाई.

"कुठे चाललीये ती?"

"घराकडे," मी म्हटलं.

"बघ! मी तिला घरापासून लांब जाताना काढली होती. छापखान्यात पुढच्या चित्राची फिल्म उलटी लावली आणि तिचं तोंड घराकडे झालं. दादाला म्हटलं, दुरुस्त करून घे. तो म्हणाला, बघू पुढच्या आवृत्तीत. आवृत्त्या निघत राहिल्या, लोक मला विचारत राहिले, आलीस का गं शेवटी घरी? ती बाई मीच आहे. मी परत गेले नाही, आणि मला त्याचा पश्चात्तापही नाही."

मला त्या जाम आवडल्या. "चित्राची मोडतोड होऊ न देणं हासुद्धा तुमचाच हक्क," मी म्हटलं आणि 'चित्र मूळ दिशेनेच छापावं' ही अट तिथेच हाताने लिहिली. मग त्यांनी झोकात सही ठोकली.

अट ऐकून लेखकमहाशय भडकले. "लोकांना उलटंच ओळखीचं आहे!"

"लोकांचं माझ्यावर सोडा. सरळ छापू, नाहीतर हे चित्र नाही."

त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, "चूक मला पहिल्या दिवशीच दिसली होती. मुद्दाम राहू दिली. निदान मुखपृष्ठावर तरी ती घरी येत होती."

क्षणभर वाटलं, जाऊ दे, काढावी दुसऱ्याच चित्राची आवृत्ती. पण हे ऐकायचा मान माझा नव्हता, त्यांच्या बहिणीचा होता.

"उठा," मी म्हटलं. "छपाईला मूळ चित्र लागणारच आहे. त्याच्यावर बाईंची एकदा नजर फिरायला हवी. आणि ते मी उचलणार नाही."

बडबडले, पण उठले. जुन्या चादरीत गुंडाळलेलं चित्र छातीशी धरून गाडीत बसले.

बाईंनी दार उघडलं. दादा उंबऱ्यातच उभे राहिले आणि मला सांगितलेलं सगळं त्यांनी बहिणीला सांगितलं, एकही शब्द न गाळता. आवाज मात्र पार बसला होता.

त्या ऐकून घेत होत्या. मग त्यांनी चित्र हातातून घेतलं आणि म्हणाल्या, "वेडा आहेस. मी घरी येईन म्हणून इतकी वर्षं वाट बघितलीस. तुला इकडे यायला कुणी अडवलं होतं?"

त्या दारातून बाजूला झाल्या आणि दादा आत गेले.