पंखाच्या मयालीला पाजलेलं तेल

मुर्रीच्या बंद राइस मिलमध्ये हेमेंद्रने दोन माणसांचं लाकडी विमान बांधायला घेतलं, तेव्हा सुतारकामाला त्याने चैतरामला बोलावलं. चाळीस वर्षं बैलबंड्या केलेला माणूस. पंखाच्या आरपार जाणाऱ्या दांडीला हेमेंद्र स्पार म्हणायचा, चैतराम मयाल. तीन महिन्यांत ती तयार झाली.

पेट्रोलची टाकी कुठे बसवायची, यावर मात्र दोघांची रोज जुंपायची.

"इंजिनाजवळ ठेव. पेट्रोल आपोआप उतरते."

"अन् आपटलो तर सगळं मांडीवर? पंखातच ठेवू, काका."

शेवटी पंखात बसणारीच टाकी आणायला हेमेंद्र नागपूरला गेला. मागे चैतरामच्या मनात आलं, टाकी गळली तर लाकूड पेट्रोल पिईल. बंडीच्या हरेक लाकडाला तो जवसाचं तेल पाजत आलेला. त्याने मयालीलाही टाकीच्या जागी हातभर लांबीत तेल पाजलं.

हेमेंद्र शीळ घालतच परतला.

"काका, उद्या इथं मयालीवर पंखाच्या फासळ्या चिकटवू. तेलकट बोटही नको लागायला, गोंद धरत नाही."

चैतरामने तेल पाजलेल्या जागी बोट फिरवलं. बंडीला खिळे, पाचरी. गोंदाशी त्याचा संबंधच कुठे आला होता? तेल पार मुरलं होतं. वरून रंधा फिरवला असता तर कोणाला कळलंही नसतं.

"हेमेंद्र, मी मयालीले तेल पाजलो."

"कायले?"

"बंडीले पाजतो म्हणून."

हेमेंद्र टाकीचं खोकं खाली ठेवून मयालीजवळ वाकला. मग त्याने तेल लावलेल्या एका तुकड्यावर दुसरा तुकडा चिकटवून ठेवला. सकाळी हातोडीच्या एका टोल्यात दोन्ही तुकडे अलगद सुटले.

"टाकी समोरच घेऊ," तो पुटपुटला. "मग इथं भार कमी. तीन महिन्यांचं काम आहे, काका."

"अन् टाकी समोर गेली, तरी पंख त इथंच चिकटते न? बंडीचा आखही चाकाजवळच मोडते, जिथं सारा भार येते. बंडी मोडली त माणूस पायदळ घरी येते. तू कसा येशीन?"

हेमेंद्रला हसू आवरेना.

"म्हणजे पुन्हा पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून. टाकी पंखातच राहू दे, तुझं बरोबर होतं."

"अन् पहिल्यांदा उडताना बाजूला बसाल?"

"गोंद सुकू दे, मंग सांगतो," म्हणत चैतरामने नव्या मयालीसाठी काढलेल्या फळीचे रेशे पाहायला ती दाराच्या उजेडात नेली.