पाती तासतंय कोण?

जाजांगचा कुणावर विश्वास नव्हता, आणि वर त्याचा त्याला अभिमान होता. आठ वर्षं तो तांगेरांग शहरातल्या बुटांच्या कारखान्यात राबला. तिथं रोज सुट्टी झाली की फाटकावर पिशवी उलटी करून दाखवावी लागायची. आठ वर्षं रोज झडती दिलेला माणूस शेवटी दुसऱ्यांची झडती घ्यायला लागतो, दुसरं काय! गावी परतला तेव्हा कारखान्यातला एक जाडी मोजायचा चिमटा तेवढा त्यानं सोबत आणला. तो कायम खिशात. मासळीवालीनं वजन केलं तरी हा पुन्हा घरी करून बघणार.

समुद्रावर, विजेचा शेवटचा खांब जिथं संपतो तिथून दोन किलोमीटर पुढं, त्यानं सिमेंटच्या सहा टाक्या बांधल्या होत्या. कोळंबीचं बी आणायचं, तीन आठवडे जपायचं आणि बोटाच्या पेराएवढं झालं की तळीवाल्यांना द्यायचं. काम सोपं वाटतं, पण बीला श्वास लागतो. पाण्यात रात्रंदिवस हवा सोडावी लागते. पंप बंद पडला की दोन-तीन तासांत सगळी टाकी पांढरी. दोन खेपा अशाच गेल्या होत्या, डिझेलच्या इंजिनानं ऐन वेळी दगा दिला म्हणून.

त्याची बायको एंतिन हिनं तिसऱ्या खेपेला साफ सांगून टाकलं, "हे बी मेलं तर मी तांगेरांगला परत चालले. आणि या वेळी पोरीला आजीकडे टाकून नाही जायची, घेऊन जाईन. तू बस इथं वारा खात."

वारा खाण्यावरूनच त्याला पवनचक्की सुचली असावी. तसा हात चांगला होता त्याचा, ते कुणी नाकारणार नाही. ट्रकचा भंगारातला हब आणला, त्यावर चुंबकं बसवली, तांब्याच्या तारेची वेटोळी हातानं गुंडाळली आणि वर राळ ओतून घट्ट केली. खांबाला बुडाशी बिजागरी लावली, दोरखंड गुंडाळायचा रहाट लावला, म्हणजे एकट्या बाईमाणसालाही खांब आडवा करता यावा. खाली एक खटका ठेवला. तो ओढला की चक्कीतून उतरणाऱ्या तिन्ही तारा एकमेकींना भिडायच्या आणि चक्की जागच्या जागी मंदावायची.

पात्यांसाठी मात्र त्याला अबाह सारकिमच्या, म्हणजे सगळ्या गावाच्या सारकिमआजोबांच्या, दारात जावं लागलं.

आमच्या किनाऱ्यावर पूर्वेचा वारा सुटला की टेकडीवर घराघराचं भिरभिरं चढतं. कोलेचेर म्हणतात त्याला. माडाएवढा बांबू, आणि टोकाला माणसाच्या दुप्पट लांबीची फळी. ते किती जोरात फिरतं याला कुणी विचारत नाही. ते गातं कसं, हे बघतात. आणि ते ठरवायचं अबाह सारकिमनं. म्हातारा भिरभिऱ्यांकडे पाठ करून उभा राहायचा आणि नुसत्या घुमण्यावरून सांगायचा, हे अमक्याचं, हे तमक्याचं, ह्याचं पातं भिजलंय. त्याच्या हातची फळी वर चढली की बाकीचे गप्प बसायचे.

त्यानं जाजांगला महोगनीची तीन पाती करून दिली. चक्की चढली, बॅटरी भरायला लागली, तिच्यावर पंप घुरघुरला, सहाही टाक्यांत बुडबुडे. पहिले दहा दिवस सगळं झकास. एंतिन एकदा चक्क गाणं गुणगुणताना सापडली.

अकराव्या दिवशी सकाळी बॅटरी निम्मी. बाराव्या दिवशी त्याहून खाली. वारा तर उलट वाढला होता.

"तार भेसळीची असणार," जाजांग म्हणाला. "तरी तो दुकानदार हसत होता."

"तो सगळ्यांशीच हसतो," एंतिन म्हणाली.

मग त्याला बॅटरीवाल्याचा संशय आला. मग शेजारच्या सोलेहचा. सोलेहची कॉफीची टपरी वाटेवरच, आणि तिथं हल्ली एक नवा दिवा लागलेला. जाजांगनं टपरीमागे वाकून तारा शोधल्या. सोलेहनं तळणीतली भजी काढता काढता विचारलं, "काय हरवलं रे? मी पण शोधू का?" दिवा निघाला उन्हावर चालणारा. जाजांग ओशाळला नाही. कॉफी पिऊन त्यानं पेल्याच्या तळाशी किती गाळ आहे तेही बघून घेतलं.

एक चमत्कारिक गोष्ट मात्र त्याच्या ध्यानात आली होती. बॅटरी जोडलेली नसली की चक्की भन्नाट सुटायची, किंचाळायची अक्षरशः. भार दिला रे दिला की दम निघून जायचा. त्यानं खांब आडवा केला, खिशातला चिमटा काढला आणि पात्याची कड मोजली. बसवताना आठ मिलिमीटर होती. आता साडेपाच. तिन्ही पात्यांची. लाकूड काय वाऱ्यानं झिजतं? तो गुडघ्यावर बसला आणि वाळूतली वेल बाजूला सारली. खाली झिलप्या. ताज्या, तांबूस.

एवढी सफाईदार सुरी त्या गावात एकाच माणसाची होती.

जाजांगला आता सगळं लख्ख दिसायला लागलं. म्हातारा आठवड्यातून दोनदा समुद्रावर येतो, चक्कीकडे बघत उभा राहतो, तोंड वाकडं करतो आणि जातो. का? तर जाजांगच्या मेलेल्या बापाच्या भिरभिऱ्यानं एका वर्षी म्हाताऱ्याच्या भिरभिऱ्याला खाली बसवलं होतं. ते डोक्यात ठेवून आता पोराचा काटा काढतोय. "बघ कसा गोड बोलून पाती दिली," तो एंतिनला म्हणाला.

"अबाहनी? तुझं डोकं फिरलंय." ती पुढं काहीतरी बोलणार होती, पण थांबली. ती थांबली हेही जाजांगनं टिपलं.

गुरुवारी त्यानं टपरीवर मोठ्यानं सांगितलं की आपण शहरात चाललो, संध्याकाळीच येऊ. मोटारसायकल केवड्याच्या बनात घातली आणि टाकीमागे दबा धरून बसला. दुपार कलली तसा म्हातारा आला. खटका ओढला, रहाट फिरवून खांब आडवा केला, पाती मांडीवर घेतली आणि सुरी चालवायला लागला. चोर म्हणावा तर घाई कसली ती नाही. फुंकर मारतोय, अंगठा फिरवतोय, नातवाचे केस कापावेत तसा. मग खांब उभा केला, बॅटरीची जोडणी काढली, खटका सोडला. पात्यांनी अशी काही बोंब ठोकली की जाजांगचे दात शिवशिवले. म्हातारा खांबाला तळवा लावून, डोळे मिटून उभा. मग नाराजीनं मान हलवली आणि खांब पुन्हा आडवा.

जाजांगच्या पायाखाली माडाची वाळकी झावळी कडकन् मोडली. म्हाताऱ्यानं वळूनसुद्धा बघितलं नाही. काय निगरगट्ट आहे, जाजांगला वाटलं. तिथंच त्याचं मनगट धरता आलं असतं, पण साक्षीदार कुठं होते? त्याला साक्षीदार पाहिजे होते, सगळं गाव पाहिजे होतं. शुक्रवारी सकाळी दोन टाक्यांत बी वर तरंगत होतं. एंतिन ते चाळणीनं काढत होती.

त्याच दुपारी, नमाज आटोपल्यावर, टेकडीवर भिरभिऱ्यांचा दिवस होता. सात खांब उभे, सातही घुमतायत, खाली चटयांवर केळीच्या पानात भात आणि खारी मासळी. जाजांग तरातरा चढला आणि अबाह सारकिमच्या पुढ्यात उभा राहिला.

"माझी पाती का तासता?"

म्हाताऱ्यानं त्याच्या तोंडाकडे नीट बघितलं. "तासतो तर! त्यांना गळाच नाही," तो नेहमीसारखा खणखणीत आवाजात म्हणाला. "माझ्या हातचं पातं आणि मुकं? लोक शेण घालतील तोंडात माझ्या. म्हटलं, तुला कळायच्या आत नीट करून ठेवावं."

"मुकं? काल अख्ख्या किनाऱ्यानं त्यांची बोंब ऐकली! कुणाला बनवता? माझ्या बापावरचा राग माझ्यावर काढता, आणि वर गळ्याच्या गोष्टी?"

"मी खोटं बोलतो?" म्हातारा लाल झाला.

"मग होऊन जाऊ द्या. पाठ करा आणि सांगा कुणाचं वाजतंय. पण खांबाला हात लावायचा नाही. तिकडं, रस्त्यावर उभं राहायचं."

अबाह सारकिम ताठ चालत रस्त्यावर गेला, पाठ केली, डोळे मिटले. जाजांगनं सगळ्यांना हातानं खुणावलं, की दोर ओढा, सगळी थांबवा. कुणी हललं नाही.

"जाजांग, नको," सोलेह दबक्या आवाजात म्हणाला. एंतिननं त्याची बाही धरली. "चल खाली. ऐक माझं."

सगळे सामील आहेत, जाजांगच्या मनात आलं, बायकोसकट! त्यानं बाही सोडवली, एका खांबाकडून दुसऱ्याकडे धावला आणि एकेक दोर खेचून बांधून टाकला. सातही भिरभिरी थांबली. टेकडीवर इतकी शांतता झाली की खालच्या लाटा ऐकू यायला लागल्या.

म्हातारा बराच वेळ उभा होता. मान एका बाजूला कललेली.

"सोलेहचं आहे," शेवटी तो म्हणाला. "जुनं. उजव्या पात्याला जरा खरखर आहे. पण गातंय छान."

जाजांग विजयानं गर्दीकडे वळला, आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. एकाच्याही चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. बायांनी मान खाली घातली होती. सोलेहनं धावत जाऊन आपला दोर सोडलासुद्धा होता. म्हातारा वळला तेव्हा सोलेहचं भिरभिरं गरगरत होतं.

"बरोबर, अबाह!" सगळे एकदम ओरडले, ओठ मोठे मोठे हलवत, हात हलवत. सवयीचं होतं ते. एंतिनही ओरडली.

"कान जाऊन दोन वर्षं झाली त्यांचे," ती जाजांगच्या कानाशी म्हणाली. "हात खांबाला लावला की थरथरीवरून ओळखतात. बाकीचं आम्ही सांभाळतो. तुला सांगणार होते मी. पण तू चारचौघांत पिशवी उलटी करशील, अशी भीती वाटली. आणि केलीसच."

जाजांगला ती टेकडी पोटात घेईल तर बरं असं झालं. म्हातारा छाती काढून परत आला होता. "काय, पटलं? तुझ्या पात्यांना नाही अजून गळा. उद्या येतो. आणखी थोडी तासू."

सगळं गाव जाजांगकडे बघत होतं. खाली चार टाक्यांतलं बी जेमतेम श्वास घेत होतं, आणि उद्या ही पाती आणखी तासली तर एंतिनची बॅग भरली म्हणून समजा. तो म्हाताऱ्याच्या अगदी समोर उभा राहिला, ओठ दिसतील असा.

"अबाह, मला गळा नको. आवाजानं बी बिचकतं. मला पाती मुकीच पाहिजेत. जाड, बुडाशी रुंद, भार दिला तरी न थकणारी. मी पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. चुकलो."

"मुकी?" म्हातारा त्याच्याकडे बघतच राहिला. मग उखडला. "मग आधी नाही बोलायचं, गाढवा? तोंड काय फक्त आरोप करायला दिलंय? दोन आठवडे माझा जीव टांगणीला! फणसाची फळी आण. वाळलेली. ओली आणलीस तर परत पाठवीन."

नवी पाती चार दिवसांत झाली. तोवर जाजांग आणि एंतिन पाळीपाळीनं बादल्यांनी पाणी उपसून उंचावरून टाकीत ओतत राहिले. खांदे भरून आले, पण चारही टाक्या वाचल्या. एंतिननं पोरीचे कपडे पुन्हा कपाटात लावले.

पाचव्या दिवशी जाजांगनं आणि म्हाताऱ्यानं मिळून खांब उभा केला. बॅटरी जोडून, पूर्ण भारावर, पाती फिरायला लागली. रुंद, संथ, एक हूं की चूं नाही. पंप टाक्यांत हवा सोडत राहिला. समुद्रावर दोघांशिवाय कुणी नव्हतं.

"येतोय काही आवाज?" अबाह सारकिमनं विचारलं.

जाजांग त्याच्याकडे तोंड करून म्हणाला, "नाही, अबाह. काही म्हणजे काही ऐकू येत नाही."

"मलाही नाही," म्हातारा हळूच म्हणाला, आणि त्याच्याकडे बघून हसला.