वाईहून वडूजला आलेला पोर्तुगीज शब्दकोश

मित्रांनो, माझी पाठ दोनदा शिवलेली आहे आणि पहिली चार पाने कधीच हरवली आहेत. त्यामुळे माझे जन्मसाल मलाही सांगता येत नाही. मी एक जुना शब्दकोश आहे. माझ्या पोटात पोर्तुगीज शब्द आहेत आणि त्यांचे इंग्रजी अर्थ. लिस्बनच्या छापखान्यातून मी बोटीने गोव्याला आलो. पणजीच्या एका दुकानात १९६४ साली मला गंगाधर नावाच्या तरुणाने विकत घेतले. तो वाईचा, पणजीच्या पोस्टात कारकून म्हणून नवीनच लागलेला. पाकिटांवरचे पत्ते पोर्तुगीजमध्ये असत, म्हणून तो ती भाषा शिकला. म्हाताऱ्या बायका त्याच्याकडून पत्रे वाचून घेत आणि जाताना माझ्यावरून हात फिरवत. ते माझे सुखाचे दिवस.

पुढे त्याची बदली झाली. वाईच्या घरी मी जुन्या पंचांगांखाली कित्येक वर्षे पडून राहिलो. कसर लागली. कुणाला माझे काम नव्हते.

मग क्रांती आली. वडूजची मुलगी, इतिहासात एम.ए. झालेली. गंगाधर तोवर सगळ्यांचे आजोबा झाले होते, आणि पोर्तुगीज शिकवू शकतील असे वाईत ते एकटेच, म्हणून ती त्यांच्याकडे आली.

"गोव्याच्या पोर्तुगिजांनी मराठ्यांबद्दल काय लिहून ठेवलंय, ते मला मुळातून वाचायचंय," ती म्हणाली. "दुसऱ्यानं केलेल्या भाषांतरावर संशोधन कसं करू?"

आजोबांनी पंचांगे बाजूला केली आणि मला तिच्या हातात दिले. दोन वर्षे ती दर रविवारी वडूजहून एसटीने, साताऱ्याला गाडी बदलून शिकायला येत राहिली. मी तिच्या पिशवीत असे.

डिसेंबरात तिने परदेशातल्या चार विद्यापीठांत पीएच.डी.साठी अर्ज केले. तीन ठिकाणचे नकार मार्चपर्यंत आले. चौथ्याने मुलाखतीला बोलावले. वडूजच्या घरात लॅपटॉपसमोर ती बसली आणि मी तिच्या कोपराशी. प्राध्यापिकेने पडद्यावर एक जुने हस्तलिखित दाखवले. क्रांतीने दहा ओळी सरळ वाचल्या. अकराव्या ओळीत एका शब्दापाशी ती थांबली. तिचा हात माझ्याकडे आला आणि मागे गेला.

"हा शब्द मला माहीत नाही," तिने इंग्रजीत सांगितले.

तो शब्द माझ्या चारशे बाराव्या पानावर होता. मित्रांनो, मला हाक मारता येत नाही.

तिचे नाव प्रतीक्षायादीत लागले. मग काहीच घडेना. ती म्हशीला वैरण घाली, जेवे, फोन उघडून बघे आणि उपडा ठेवी. मला ती उघडत नव्हती. सुरुवातीला मला त्याचे वाईट वाटले, नंतर तेही वाटेनासे झाले. तिचे वडील लालासाहेब, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, रोज संध्याकाळी विचारत, "आलं का गं उत्तर?"

"न्हाई."

शेवटी मनुबाई, तिची आई, त्यांना म्हणाली, "आवं, सारखं सारखं नगा इचारू. आलं तर ती सांगंल की."

मेच्या मध्यावर उत्तर आले. क्रांतीने ते स्वयंपाकघराच्या दारात उभ्याने वाचले.

"न्हाई म्हणाले."

"मग आता गं?" मनुबाईने विचारले.

"आता काय न्हाई. भाकरी थापू का?"

लालासाहेब उठून चुलीपाशी येऊन बसले. मग म्हणाले, "मीबी दोनदा भरतीत नापास झालो हुतो. तुला कवा सांगितलं न्हाई."

क्रांतीने मान हलवली. तिला ते ऐकू आले की नाही, कळले नाही.

पुढच्या रविवारी ती मला परत द्यायला वाईला गेली. आजोबांनी मला हातात घेऊन चाचपले.

"मला आता अक्षर दिसत नाही, क्रांती. मी याचं काय करू? तूच वाच."

"काय वाचू?"

"कुठलंही पान."

तिने मध्येच उघडले आणि एकसुरात वाचू लागली. एका शब्दाला आजोबांनी थांबवले. तो आपल्या पावाचाच मूळ पोर्तुगीज शब्द होता.

"हा वडूजच्या बेकरीतला पाव झाला. नाकातून म्हण. किती दिवस तोंडातून पोर्तुगीज शब्द काढला नाहीस?"

"अडीच महिने."

"पुन्हा म्हण."

तिने म्हटला. चुकला. पुन्हा म्हटला. चौथ्या वेळी ती रडू लागली. पावासारख्या साध्या शब्दावर, माझ्या उघड्या पानावर वाकून. आजोबांनी फक्त पंखा बंद केला, पान उलटू नये म्हणून. ती बराच वेळ रडली. मग नाक पुसून तिने पाचव्यांदा तो शब्द म्हटला.

"आता बरोबर," आजोबा म्हणाले.

त्यांनी मला ठेवून घेतले नाही. संध्याकाळच्या गाडीने मी वडूजला परत आलो. येत्या डिसेंबरात ती पुन्हा अर्ज करणार की नाही, हे तिने अजून कुणालाच सांगितलेले नाही. मलाही ठाऊक नाही. पण चारशे बाराव्या पानावर, मुलाखतीत अडलेल्या त्या शब्दाखाली, आता पेन्सिलीची एक बारीक रेघ आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादे जुने पुस्तक पडून असेल, तर त्याला ऊन दाखवा आणि कधीतरी मोठ्याने वाचा. आणि घरात कुणी उत्तराची वाट पाहत असेल, तर उत्तर आले का, असे त्याला विचारू नका. तो काय शिकला ते विचारा, आणि तो सांगेपर्यंत बसून राहा.