आत्याच्या अंगावरचा शालू

निलंग्याच्या आसपास भावकीत कुणाचं लग्न ठरलं की पत्रिका छापायला टाकायच्या आधी मंजुषाला फोन जायचा. "मंजूताई, बस्त्याला यायचं हां. न्हाई म्हणायचं न्हाई." न्हाई म्हणतंय कोण! मल्लिनाथ, म्हणजे तिचा नवरा, बियाण्यांच्या दुकानात बसायचा. त्याच्यापुरत्या भाकरी सकाळीच थापून ठेवायच्या आणि लातूर म्हणा, नांदेड म्हणा, ही बाई एसटीत जाऊन बसलीच. लग्नाचे कपडे काढायचे आणि मंजुषा नाही, असं कधी झालं नव्हतं.

त्याला कारण होतं. तिच्या माहेरच्या भावकीत एक रीत होती. लग्नाचा शालू नवरीनं अक्षतेच्या दिवसाआधी अंगाला लावायचा नाही. का नाही, ते कुणालाच ठाऊक नव्हतं आणि विचारायची कुणाची छाती नव्हती. पण एवढा भारी शालू बघितल्याशिवाय घेणार कसा? मग तो दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर लावून बघायचा, आणि त्या कामाला मंजुषासारखं माणूस सापडणार नाही. गोरीपान, गालावर गुलाबी झाक, खांद्यावरून पदर सोडला की बाकीची गिऱ्हाइकं आपल्या साड्या सोडून हिच्याकडं बघत बसायची. तिच्या अंगावर पास तो शालू पास. तिला मूलबाळ नव्हतं. बारसं, डोहाळजेवण असलं की बायका तिला जरा आडूनआडूनच बोलवायच्या. बस्त्याला मात्र पहिला मान तिचा, आणि तेवढ्या मानावर ती बाई वर्षानुवर्षं ताठ मानेनं वावरत होती.

आता असा आयता मान मिळतोय तर गप घ्यावा की नाही माणसानं? पण हिला एक खोड. एखादी गोष्ट डोक्यात शिरली की तिचा पिच्छा सोडायचा नाही.

यावेळी ती गोष्ट डोक्यात घातली अक्षरानं. अक्षरा म्हणजे मंजुषाच्या भावाची मुलगी. नांदेडच्या राजशेखरशी तिचं लग्न ठरलं होतं. एका दुपारी ती मोबाइल घेऊन आत्याकडं आली आणि त्यातला एक फोटो तिच्या पुढ्यात धरला. चुलतभावाच्या लग्नातला. नवरी उमा, अंगावर फिकट गुलाबी शालू, चंदेरी काठ.

"आत्या, खरं सांग. उमावहिनी कशी दिसून राहिली?"

मंजुषानं चष्मा लावला. "अगं बाई! सलाईन लावून उठल्यावानी."

"ती काही आजारी नव्हती. अन् हाच शालू बस्त्यात तुझ्या अंगावर मी बघितलाय. काय दिसत होतीस तू! मग तिच्यावरच असं का झालं?" आणि मग हळूच म्हणाली, "माझा रंग बी उमावहिनीसारखाच हाय. मी बी अशीच दिसणार का गं माझ्या लग्नात?"

मंजुषानं "काहीतरीच काय!" म्हणून वेळ मारून नेली. पण पोरगी गेल्यावर तिला चैन पडेना. अक्षरा सावळी. सावळ्या पोरीला फिकट रंग बरे, भडक रंगात आणखी काळी दिसते, हे लहानपणापासून सगळ्यांनी सांगितलेलं. त्यात मंजुषाही होतीच की. त्या पोरीचं कपाट उघडलं तर सगळं बिस्किटी, आकाशी आणि राखाडी. फिकट बरे, तर मग उमा फोटोत अशी मेल्यावानी का दिसत होती?

दुसऱ्या दिवशी ती शेजारच्या गौसियाकडं गेली. गौसिया ब्लाउज शिवायची आणि उरलेल्या तुकड्यांचं तिच्याकडं हे एवढं गाठोडं.

"भाभी, तुझ्या सगळ्या चिंध्या काढ."

"या अल्ला! गोधडी शिवून राहिली का काय?"

"तोंड वर कर," मंजुषा म्हणाली, आणि तिला दारातल्या उन्हात बसवून एकेक तुकडा तिच्या हनुवटीखाली धरायला लागली. आकाशी धरला, बदलला. फिकट गुलाबी धरला, बदलला. मोहरी रंगाचा धरला आणि थांबली. पुन्हा आकाशी. पुन्हा मोहरी. गौसिया म्हणाली, "आता काय मान मोडती का माझी?" पण मंजुषाचं लक्षच नव्हतं. आकाशी धरला की आधी कापड दिसायचं आणि त्याच्या मागं कुठंतरी गौसिया. मोहरी धरला की आधी गौसिया दिसायची. डोळेसुद्धा उजळायचे बाईचे.

मग काय विचारता! त्या दुपारी गल्लीतून जी बाई जाईल तिला दारात बसवलं. भाजीवाली झाली, पाणी भरायला निघालेली झाली, शाळेतनं परतणारी मास्तरीणबाई झाली. आणि मास्तरीणबाईंपाशी येऊन गाडी अडली. त्या गौसियाइतक्याच सावळ्या, जराही फरक नाही. पण गौसियाला खुलवणारा मोहरी त्यांच्या हनुवटीखाली धरला की त्या कावीळ झाल्यासारख्या दिसायच्या. जांभळा धरला, राणी धरला की चेहरा लख्ख.

"म्हंजे काळं-गोरं हा सवालच न्हाई," मंजुषा पुटपुटली.

"मग काय हाय?" गौसियालाही आता चेव चढला होता. तिनं मास्तरीणबाईंच्या हाताशेजारी आपला हात धरला, उलटा केला, सुलटा केला. "हे बघ मंजूताई! माझ्या मनगटाच्या शिरा हिरव्या. यांच्या निळ्या."

मंजुषानं स्वतःचं मनगट बघितलं. निळ्या. कातडीच्या खाली काहीतरी वेगळंच पाणी होतं. कुणाचं हळदीच्या अंगाचं, कुणाचं गुलाबी. गौसियाचं हळदीचं. अक्षराचं? संध्याकाळी तिला बोलावून बघितलं, तर शिरा हिरव्यागार. मग दोघी त्या पोरीवर तुटून पडल्या. मोहरी, विटकरी, मेंदी, शेंदरी, जेवढे म्हणून तिला वर्ज्य केलेले रंग होते ते सगळे तिच्यावर खुलत होते. आणि दोन तेज रंग एकत्र आले की आणखी मजा. मोरपंखी एकटा जरा जड वाटला, पण हनुवटीपाशी शेंदरी आणि खाली काठाला मोरपंखी धरला तेव्हा गौसिया "माशाल्ला" म्हणाली. अक्षरानं हातातला छोटा आरसा बराच वेळ खाली ठेवला नाही.

ती गेल्यावर गौसियानं चिंध्या गोळा करता करता म्हटलं, "मंजूताई, एक बोलू? हे तू लोकांना सांगितलं, तर शालू ज्याचा त्याच्या अंगावर बघतील. तुला मग बस्त्याला कोण बोलवंल?"

मंजुषानं एक चिंधी उचलून गाठोड्यात टाकली. तिला ते आधीच कळलं होतं.

बस्ता नांदेडला होता. शालू मुलाकडून, म्हणून पसंतीचा पहिला शब्द राजशेखरच्या आईचा, शरणम्माचा. बाई मनानं मोकळी, पण आवाज असा की पुढच्या दुकानातल्यांनाही आपली पसंती कळावी. तिनं येतानाच मोबाइलवर फोटो आणले होते. "आजकाल हेच चालतंय बघा. फिकट, सोबर. फोटोवाला बी हेच म्हणला." सेल्समननं पिस्ता रंगाचा, चंदेरी बुट्ट्यांचा शालू उघडला आणि रिवाजाप्रमाणं मंजुषा उठून गादीवर उभी राहिली. निऱ्या घातल्या, पदर सोडला. वर ट्यूबलाइटचा पांढरा झगझगाट. सगळ्या बायकांच्या तोंडून एकदमच "अगंबाई" निघालं.

"ठरलं!" शरणम्मा म्हणाली. "हाच. बांधा."

अक्षरा कोपऱ्यात मान खाली घालून बसली होती. नवरीनं बस्त्यात बोलायचं नसतं, आणि ती बोललीही नाही. तिनं एकदाच वर बघितलं, आत्याकडं. मंजुषानं मनात हिशोब मांडला. आता गप राहिलं तर मान शाबूत, सोयरीक शाबूत, आणि पोरगी जन्मभर तो फोटो भिंतीवर बघत बसणार.

"शरणम्माअक्का, थांबा," ती म्हणाली. "हा शालू माझ्यावर चांगला दिसतोय. तिच्यावर न्हाई दिसायचा."

अक्षराची आई, महानंदावहिनी, दबक्या आवाजात म्हणाली, "मंजू, गप बस. तमाशा नको."

"तमाशा न्हाई वहिनी. लग्न तिचं हाय, अन् बघून राहिलोय आपण मला! हे काय खरं हाय का?"

"पण नवरीच्या अंगाला लावायचा न्हाई, अशी तुमच्यातच रीत हाय की," शरणम्मा म्हणाली. तिच्या आवाजात राग कमी आणि नवल जास्त होतं.

"हाय. दोष लागायचा तर मला लागू दे." एवढं बोलून मंजुषानं अंगावरचा पिस्ता शालू सोडून हातावर घेतला, मागच्या फडताळातला शेंदरी शालू काढायला लावला, मोरपंखी काठाचा, आणि अक्षराचा हात धरून तिला थेट दुकानाच्या पायरीवर उन्हात नेलं. बाहेर ऑटोवाले माना वळवून बघायला लागले. बघू देत. तिनं आधी पिस्ता धरला अक्षराच्या हनुवटीखाली, मग शेंदरी.

शरणम्मा मागोमाग आली होती. ती एकदा या बाजूनं बघे, एकदा त्या बाजूनं. "पुन्हा धरा तो पहिला," ती म्हणाली. मंजुषानं धरला. "आता हा." मग शरणम्मानं अक्षराच्या गालावरून हात फिरवला. "अगं माय, तू अशी हाईस व्हय!" आणि लगेच आपलं मनगट मंजुषापुढं केलं. "माझ्या शिरा कसल्या हायेत बघा बरं. मी चाळीस वर्षं आकाशी नेसून राहिले!"

मंजुषाकडून शिरांचं सगळं ऐकून घेतल्यावरच शरणम्मानं तिला सोडलं. शेंदरी शालू बांधला गेला. अक्षरा हसत होती, रडतही होती, आणि कुणी तिला गप बस म्हणत नव्हतं.

आत परत येताना महानंदावहिनी मंजुषाच्या कानाशी म्हणाली, "झालं समाधान? आता बस्त्यात तुझं काय काम उरलं गं?" ती रागानं बोलली नाही, जे होतं तेच बोलली. मंजुषाला ते लागलं. ती भिंतीकडेच्या खुर्चीवर जाऊन बसली.

देण्याघेण्याच्या साड्यांचा ढीग समोर आला. त्यातली एक दरवेळी तिच्या ओटीत पडायची, हाताला येईल ती. पण शरणम्मानं ढीग बाजूला सारला. "आत्याबाईंना ह्यातली न्हाई. गादीवरची घ्या. बोला आत्याबाई, तुम्हाला कुठली आवडती?"

मंजुषानं गादीवरच्या साड्यांवरून नजर फिरवली. इतक्या साड्या अंगावर लावल्या, इतके आरसे झाले, पण बघायचा तो पदर बघितला, काठ बघितला, दुसरीचं लग्न बघितलं. पदराच्या वरचं आपलं तोंड कधी बघितलंच नव्हतं.

"मला ठाऊक न्हाई गं," ती अक्षराला म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. "खरंच ठाऊक न्हाई."

"मग बघू की," अक्षरा म्हणाली आणि तिला हाताला धरून उठवायला लागली.

सेल्समननं सवयीनं एक साडी उलगडली आणि तिच्या खांद्यावर पदर टाकायला पुढं आला. मंजुषानं डोळे पुसले आणि त्याला हातानंच थांबवलं.

"पदर राहू द्या जरा," ती म्हणाली. "आधी तो आरसा इकडं सरकवा."