इंग्लंडातले तीन होल

टेकडीवरच्या गोल्फ मैदानाचे पंधरा होल वेल्समध्ये आणि तीन इंग्लंडात. मेंढ्यांना त्याचं काही नव्हतं. इदवाल पाववाल्याला फार होतं.

इदवाल गावच्या चॅपेलातला पहिला सूर देणारा. तिथे पेटी नाही, बाजा नाही. मंचाखालच्या मानाच्या बाकावरून तो पट्टी धरी आणि मग सगळं गाव स्तोत्रं गाई. रविवार देवाचा, म्हणून त्या दिवशी त्याने कधी चेंडूला काठी लावली नव्हती. पण शनिवारी कपाचा शेवटचा सामना धुक्याने अडला. दोघे बरोबरीत, उरलेले तीन होल नेमके इंग्लंडातले. रविवारी निकाल लागला नाही तर कप गेल्या वर्षीच्या विजेत्याकडेच, म्हणजे त्याच्याविरुद्ध खेळणाऱ्या टेगिड स्टेशनवाल्याकडेच राहणार. इदवालने अकरा वर्षं तो कप काचेतून पाहिला होता.

सकाळची उपासना चालू असताना त्याने विचार केला आणि ठरवलं, की रविवारी न खेळण्याचा नेम वेल्सच्या सीमेच्या दगडापर्यंतच लागू. संध्याकाळी रेव्हरंड रीस यायचे होते. त्यांचं प्रवचन बोलण्यात सुरू होऊन गाण्यात चढत जाई आणि ऐकणाऱ्याला आपलं अंग आपलं वाटेनासं होई. सहा वर्षं विनवल्यावर ते येत होते. त्यांच्यापुढे पहिला सूर द्यायचा, याहून मोठं भाग्य इदवालला माहीत नव्हतं. त्याच्या आत सामना उरकेल, असा त्याचा हिशोब.

दोन होल बरोबरीत सुटले. तिसऱ्याला इदवालचा चेंडू सीमेच्या दगडावर आपटला आणि उडून दोन हात वेल्समध्ये जाऊन बसला.

"मार की," टेगिड म्हणाला.

"रविवार आहे."

"अरे, दोन हात अलीकडे काय बुधवार होता?"

"अलीकडे इंग्लंड होतं."

इदवालने पाय इंग्लंडात ठेवून काठी लांबवून पाहिली. पुरेना.

"पालथा पड," टेगिडने सुचवलं. "पोट इंग्लंडातच राहील. बहुतेक."

एवढ्यात इंग्लंडाकडच्या स्टेशनावरून हातात बॅग घेऊन रेव्हरंड रीसच चढून आले. इदवालने टोपी काढली आणि सगळं सांगितलं. रेव्हरंडांनी चेंडू पाहिला, दगड पाहिला.

"मी वीस वर्षं लिव्हरपूलला प्रवचनं केली," ते म्हणाले. "तिथेही देव ऐकत असे, अशी माझी समजूत आहे."

इदवालचा चेहरा उतरला. "म्हणजे रेव्हरंडसाहेब, आजचे तिन्ही होल..."

"मी मोजायला नव्हतो."

"मोडलाच आहे नेम, तर आता आणखी एक फटका मारला तर?"

"असं विचारणारे मला रोज भेटतात. बहुतेक जण मारतात."

इदवालने काठी पिशवीत घातली. चेंडू तिथेच सोडला.

"म्हणजे कप माझा?" टेगिड म्हणाला. "असा नको रे मला."

"असाच घे."

संध्याकाळी इदवालने चॅपेलाच्या वडीलधाऱ्यांना खरं सांगितलं आणि मानाचं बाक सोडून दाराशी जाऊन बसला. शेजारी टेगिड. लग्नानंतर तो चॅपेलात आला नव्हता. "पाय दुखले म्हणून टेकलो," तो म्हणाला.

रेव्हरंडांनी स्तोत्र सांगितलं. इदवालच्या जागी खाटिकाने सूर धरला, तो इतका वर, की दुसऱ्या ओळीला बायका थांबल्या, तिसरीला खाटीकही. रेव्हरंड पुस्तक मिटून उभे राहिले. त्यांना घाई नव्हती. सगळं चॅपेल आपापल्या बुटांकडे पाहत होतं.

"दे की," टेगिड कुजबुजला.

"मी कोण देणार? आज?"

"मग काय मी देऊ?"

टेगिडचा आवाज इदवालने ऐकलेला होता. त्याने डोळे मिटले आणि बसल्या जागेवरून, खालच्या पट्टीत, सूर दिला. एकही मान मागे वळली नाही. कोणाचा सूर, ते सगळ्यांना ठाऊक होतं. दुसऱ्या ओळीला बायका आल्या, तिसरीला खाटीक, आणि चौथीला रेव्हरंडांनी पुस्तक पुन्हा उघडलं.