आडवा निघाला, उभा पोचला

मी एक जुनी मोटार आहे. माझा मूळ रंग निळा, असं माझ्या कागदपत्रांत लिहिलेलं आहे. बघणाऱ्याला आता ते खरं वाटत नाही. पण मित्रांनो, रंगावर जाऊ नका. माझी पाठ लांब आहे, छत उंच आहे, आणि मागचं दार वर उचललं की मी एखाद्या खोलीसारखी मोकळी होते. या एका गुणावर मी तेवीस वर्षं काढली.

कारखान्यात माझ्यासारख्या गाड्या रांगेने तयार होत. एकाने दारं बसवायची, दुसऱ्याने काचा, तिसऱ्याने चाकं. कौतुक करायला तिथे कोणाला वेळ नव्हता. पहिली सात वर्षं मी एका डॉक्टरांकडे होते. तेव्हा मला रोज ओलं फडकं मिळे आणि शेजारीपाजारी माझ्याकडे वळून बघत. पुढे डॉक्टरांनी नवी गाडी घेतली आणि मी एका गादीवाल्याच्या घरी आले. त्याने पहिल्याच दिवशी माझं मागचं आसन पान्याने खोलून काढलं आणि तिथे कापसाच्या गाद्या रचल्या. तेव्हापासून माझ्या फटीफटीत कापूस आहे. उन्हाळ्यात पंखा लावला, तर पुढे बसणाऱ्याच्या नाकात जातो. मला धुतात कधीतरी, आठवण झाली तर. तक्रार नाही, जे झालं ते सांगते आहे.

गादीवाला हाताचा चांगला. त्याच्या गादीला कधी गाठ पडली नाही. माझ्यातून त्याने कापसाखेरीज आरसे नेले, देव्हारे नेले, बायकोची शिवणाची मशीनसुद्धा नेली. सगळं आडवं घालून, खाली गादी देऊन. आजवर कशाचा टवका उडाला नाही. त्यामुळे त्याचं मत पक्कं झालं होतं की जगातली कोणतीही वस्तू मऊ गादीवर आडवी घातली की सुखरूप पोचते.

आता त्याच्या आईविषयी सांगायला हवं. मी उभी असते ती त्यांच्या बाहेरच्या खोलीच्या खिडकीला लागून, आणि आजी दिवसभर त्या खिडकीत बसतात. त्यांना जन्मापासून ऐकू येत नाही, बोलता येत नाही. त्यांच्या धाकट्या बहिणीचंही तसंच. दोघींनी लहानपणी आपल्या आपण खुणांची भाषा केली. कान ओढला की थोरला भाऊ, हनुवटीवर बोट ठेवलं की खोटं बोलू नकोस. ती भाषा त्या दोघींना पुरी येते, घरच्यांना निम्मी, आणि खिडकीबाहेर उभी राहून मलाही थोडीफार.

धाकटी फार लांब, लेकीकडे राहते. दोघी फोनवर एकमेकींना बघत तासतास बोलायच्या. पण आजींची नजर मंदावली. तळहाताएवढ्या फोनवर बहिणीची बोटं त्यांना एकमेकांत मिसळलेली दिसू लागली. सहा महिने झाले, त्या नुसत्या मान हलवत आणि फोन परत देत. त्यातच निरोप आला, की सोमवारी धाकटीच्या उजव्या हाताची शस्त्रक्रिया आहे. दोन महिने तो हात पट्टीत राहणार. तिच्या बाजूने पाहिलं तर दोन महिने तोंड बंद.

म्हणून शनिवारी सकाळी गादीवाला आणि त्याची बायको पंचावन्न इंची टीव्ही घ्यायला निघाले. फोनवरचं चित्र त्याच्यावर मोठं दिसतं, हे दुकानदाराने त्यांना दाखवलं होतं. दुकानाची गाडी बुधवारी येणार होती. बुधवार उपयोगाचा नव्हता.

"माझी गाडी काय पोरखेळ आहे? मीच नेतो," गादीवाला म्हणाला.

दुकानातल्या माणसाने खोकं बाहेर आणताना सांगितलं, "उभाच न्या, काका. खोक्यावर बाण काढलाय बघा."

"बाण तुमच्यासाठी, गादी माझ्यासाठी," असं म्हणून त्याने दोन नव्या गाद्या पसरल्या, खोकं त्यावर आडवं घातलं आणि वरून पुन्हा मायेने थोपटलं.

मित्रांनो, माझ्या चाकाखाली काय येतं ते मला आधी कळतं. नाक्यावरचा गतिरोधक उंच होता. माझी मागची चाकं त्यावरून उतरली तेव्हा खोक्याच्या चारही कडा गादीवर राहिल्या आणि मधला भाग खाली दबला. आतून बारीकसा आवाज आला. कट्.

"थांबा," बायको म्हणाली.

"कापूस बसला असेल."

"कापूस कट् करतो का कधी? तुम्हीच सांगा, जन्म गेला तुमचा त्यात. गाडी माझ्या भावाकडे घ्या."

तिचा भाऊ काचा बसवायचं काम करतो. त्याचं दुकान दोन वळणांवर होतं. खिडक्यांच्या काचा भिंतीशी तिरप्या टेकवलेल्या, जमिनीवर लाकडी पट्ट्या. तो हात पुसत बाहेर आला, माझं मागचं दार उचललं आणि बघतच राहिला.

"दाजी, याला झोपवलंत का? ताप आलाय?"

"तुझ्या काचेपेक्षा माझा कापूस मऊ आहे, मेहुणे."

"मऊ आहे हेच वाईट. इकडे या."

त्याने टाकून दिलेल्या काचेची एक लांब, पातळ पट्टी घेतली, माझ्यातल्या गादीच्या टोकावर आडवी ठेवली, तिच्यावर गोणपाट टाकलं आणि मधोमध तळहाताने दाबलं. आवाज अगदी तसाच आला. मग तशीच दुसरी पट्टी त्याने दोन घड्या केलेल्या गाद्यांच्या मध्ये उभी धरली आणि मला बाजूने दोन धक्के दिले. पट्टीला काही झालं नाही.

"आडवी काच स्वतःच्याच वजनाने मधे वाकते. तुमची गादी तिला वाकायला जागा करून देते. उभी असली की वजन कडेवर जातं, आणि कड मजबूत असते. मी आयुष्यात एकही काच झोपवून नेली नाही."

गादीवाल्याने काचेचे तुकडे गोणपाटात गोळा केले. त्याला वाईट वाटलं असावं. चेहऱ्यावरून कळत नव्हतं.

"आत फुटला असेल का?" त्याने हळूच विचारलं.

"लावल्याशिवाय कळायचं नाही. आता निदान पुढे तरी नीट नेऊ."

मग त्या मेहुण्याने मोजपट्टी काढली. आतली लांबी सोडून त्याने आधी माझ्या दाराची उंची मोजली, कारण वस्तू अडते ती दारात. खोकं दोघांनी दोन बाजूंनी उचलून पुढच्या आसनांमागे बाण वर ठेवून उभं केलं. पुढच्या आणि मागच्या बाजूला एकेक घडी केलेली गादी. पट्टा बांधला तो खोक्याच्या वरच्या कडेवरून, पुठ्ठ्याचे कोपरे मधे घालून. इतका सैल की दोन बोटं जातील, इतका घट्ट की खोकं डुलणार नाही. वर काही ठेवलं नाही. बायकोने पर्स ठेवायला हात पुढे केला, तर भावाने नुसतं बघितलं. पर्स परत खांद्यावर गेली.

"ताई, गाडी तू चालव. दाजींना थोपटायची सवय आहे."

गादीवाल्याची बायको मला सावकाश चालवत होती. वळणावर तर मी जवळजवळ चालत होते. मागून एक रिक्षा भोंगा वाजवत होती, तिच्या मागून मेहुणा स्कूटरवर. माझ्या इतक्या वर्षांत मला इतकं जपून कोणी नेलं नव्हतं. ते माझ्यासाठी नव्हतं, हे मला ठाऊक आहे.

घरी खोकं दोघांनी मिळून उतरवलं. बाहेर गारठा होता, म्हणून मेहुण्याने टीव्ही तासभर तसाच राहू दिला. आत दव धरलं असेल तर ते सुकावं म्हणून. आजी खिडकीतून उठून समोर जाऊन बसल्या. गादीवाला उभाच होता.

टीव्ही लागला. चित्र आलं. पण डाव्या कडेला वरपासून खालपर्यंत चार बोटं रुंदीची काळी पट्टी होती. ती गेली नाही.

फोन लागला. धाकटी दिसली, खऱ्या माणसाएवढी. तिने लगेच उजवा हात उचलला आणि तो नेमका काळ्या पट्टीत गेला. आजींनी मुलाकडे बघून पट्टीकडे बोट दाखवलं. गादीवाल्याने स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि मग दोन्ही तळवे आडवे करून थोपटून दाखवलं. आजींनी हनुवटीवर बोट ठेवलं नाही. म्हणजे तो खरं बोलतोय, हे त्यांना पटलं. त्या बहिणीकडे वळल्या आणि दोन्ही हातांनी खूण केली: सरक. लांबच्या त्या घरात खुर्ची सरकली. धाकटीचा हात उजेडात आला, पाचही बोटं वेगवेगळी.

त्यानंतर दोघींचे हात थांबले नाहीत. गादीवाला जमिनीवर बसून ते बघत होता. दुकानदार टीव्ही बदलून देणार नाही, हे त्याला माहीत होतं, आणि चूक कोणाची हेही.

मित्रांनो, मी मोटार. मला फार उपदेश करता येत नाही. कोणाला कुठे न्यायचं असलं, वस्तू असो की माणूस, तर आधी त्याला कसं बसवलं तर सोसतं ते विचारून घ्या. तुम्हाला जे मऊ वाटतं ते त्याला मऊ असेलच असं नाही. आणि खोक्यावर कोणी बाण काढला असेल, तर तो बघा. कोणीतरी तुमच्या आधी चूक करून शिकलेला असतो.

खिडकीत दिवा चालू आहे. आजींची पाठ माझ्याकडे आहे, म्हणून त्या काय सांगत आहेत ते मला दिसत नाही. धाकटी मात्र हसते आहे.