साठ मेंढरांचा डोंगर

लढाईच्या सालांतलं ते एक साल. माणदेशात पाऊस पडलाच नाही, म्हणून बिराप्पा धनगराचा वाडा तीनशे मेंढरं घेऊन सांगलीजवळ कृष्णाकाठी उतरला होता. वाडा म्हणजे तरी काय, बिराप्पा, धाकटा भाऊ सिद्धू, त्याची बायको हरणाबाई, त्यांची तीन पोरं, एक घोडं आणि दोन कुत्री. फाल्गुन लागला होता. पावसाला अजून चार महिने.

बिराप्पानं मातीवर खडे मांडले. एक खडा म्हणजे वीस मेंढरं. एकीकडं काठावरची कापणी झालेली रानं, दुसरीकडं आठ दिवसांच्या वाटेवरचा मेढ्याचा डोंगर. पंधराही खडे काठावर ठेवले, तर पाऊस यायच्या तीन आठवडे आधीच चारा संपत होता. निम्मे डोंगरावर धाडावे, तर तिथला झरा साठांच्या वर मेंढरांना पुरत नव्हता. तीन दिवस तो खडे हलवत बसला.

"दादा, खडं हलवून गवत उगवतं व्हय?" सिद्धू हसला.

"गवत न्हाई उगवत रं. पन मेंढरू मरायचं ऱ्हातं."

शेवटी जमलं. बारा खडे काठावर, तीन डोंगरावर. एकही मेंढरू मरत नव्हतं. पण साठांमागं माणूस कोण? काठावर दोनशे चाळीस मेंढरं लोकांच्या उसात शिरू द्यायची नाहीत, तर सिद्धूचेच पाय हवेत. हरणाबाई पोरांपाशी. उरला बिराप्पा. बायको गेल्यापासून तो भावाच्या पोरांच्या गलक्यातच निजत आला होता. 'डोंगर जमत न्हाई' एवढं म्हटलं असतं, तरी सगळे एकत्र राहिले असते. त्याची मांडणी तपासणारं वाड्यात कुणी नव्हतं.

"साठ मेंढरं घिऊन मी मेढ्याला जातो," तो म्हणाला.

"एकलंच? आवं भावजी, दुसरी कायतरी मांडणी करा की," हरणाबाई म्हणाली.

"लय केल्या, बाई. हीच खरी."

डोंगरावर सगळं मांडल्याप्रमाणंच झालं. झरा संध्याकाळी तळाला जाई, सकाळी पुन्हा भरे. मेंढरं अंगानं भरली. बिराप्पाच्या तोंडून मात्र दिवसदिवस मेंढरं हाकायच्या आवाजापलीकडं काही निघत नसे. एकदा त्यानं कुत्र्याला सिद्धूच्या धाकट्या पोरीच्या नावानं हाक मारली आणि स्वतःच चपापला.

पंधराव्या दिवशी मेंढरं जाळीच्या कुंपणात कोंडून, कुत्रं राखणीला ठेवून तो मिठासाठी मेढ्यात उतरला.

"पावसापातुर डोंगरावरच ऱ्हानार न्हवं? मग एकदमच न्या की," दुकानदार म्हणाला. "दर येळी डोंगर कशाला चढताय-उतरताय?"

बोलणं बरोबर होतं. बिराप्पाला ते कळत होतं.

"आठ दिसांचंच द्या," तो म्हणाला, आणि पोत्याला टेकून बसत त्यानं विचारलं, "पोरंबाळं किती हाईत तुमास्नी?"